खुंट हलला नाही

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. बाभळीचा. तेरणेच्या काठावर पूर्वी जिथे नाव लागायची, तिथे मी अजून उभा आहे. लोक मला बिनकामाचं लाकूड म्हणतात. म्हणू देत. मला उपटायला आणलेले बैल दमून परत गेले, तिथे नुसत्या बोलण्याने माझं काय वाकडं होणार?

मला कल्याणप्पा सुताराने घडवलं. हा माणूस लाकडाशी गोड बोलायचा आणि माणसांशी भांडायचा. वाळवी लागू नये म्हणून त्याने माझं बुड जाळावर धरून काळंभोर केलं. मुरमात पुरुषभर खड्डा खणून मला उभं केलं, भोवती दगड ठोकले आणि कमरेएवढंच वर ठेवलं. मग म्हणाला, "आता हाल बघू!" आणि मला सणसणीत लाथ घातली. मला राग आला, पण मी हललो नाही. ती सवय तेव्हापासूनची.

माझं काम होतं फकीरभाईंची नाव धरून ठेवायचं. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यायची. पावसाळ्यात मात्र पलीकडच्या गावांना नावेशिवाय गत नसे. फकीरभाई माणसं, शेळ्या, ज्वारीची पोती, एकदा तर आख्खं वऱ्हाड वाजंत्र्यांसकट माझ्यापर्यंत आणत.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की धोका नदीच्या मध्यावर असतो. साफ चूक! मध्यावर माणसं देवाचं नाव घेऊन गप्प बसतात. धोका असतो तो काठाला लागताना. काठ हाताशी आला की माणसाला वाटतं, पोचलो. पण नाव अजून पाण्यातच असते आणि पाणी तिला ओढत असतं. म्हणून फकीरभाई नाव आधी वरच्या अंगाला नेत, तिचं तोंड प्रवाहाकडे करून तिला सावकाश खाली येऊ देत, माझ्यावर दोराचे दोन वेढे टाकत आणि मगच म्हणत, "उतरा, एकेक."

पुढे आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि काही काळाने इकडच्या काठावर लोहाऱ्याला जाणारी एसटी थांबू लागली. तिचा ड्रायव्हर लिंबाजी, स्वभावाने भला. नाव दिसली की तो हॉर्न वाजवायचा. 'या, तुमच्यासाठी थांबलोय' एवढंच त्याला सांगायचं असे. पण हॉर्न ऐकला की लोकांना वाटायचं, गाडी निघालीच! मग जो तो नावेत उभा राहायचा. मला तेव्हाच चिंता वाटू लागली होती.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी नाव गच्च भरली होती. काठ जवळ आला आणि हॉर्न वाजला. नावेत बलभीमअण्णा होते. मोठे शेतकरी, गावात त्यांचा शब्द चालायचा. ते ओरडले, "फकीरभाई, वळसा कशाला घ्यायलाव? घाला सरळ! गाडी गेली म्हंजे बाजार बोंबलला."

"अण्णा, पान्याला लई ओढ हाय."

"घाला ओ! आमी हाव की!"

फकीरभाई भिडस्त माणूस. त्यांनी नाव सरळ घातली. ती वेगाने आली आणि घाटाच्या दगडावर आदळली. सगळे एकदम उठून माझ्या बाजूला धावले, नाव कलली, पाणी आत घुसलं. फकीरभाई दोर घेऊन उडी मारून माझ्याकडे येत होते. त्यांचा एक पाय खाली पोचला आणि तेवढ्यात नाव फिरली. दुसरा पाय फळी आणि दगड यांच्यात सापडला. ते ओरडले ते मला अजून ऐकू येतं.

पाणी कमरेएवढंच होतं, म्हणून कुणी बुडालं नाही. कडूबाईची कोंबड्यांची पाटी वाहून गेली. फकीरभाईंचा पाय मोडला. आणि चिंब भिजलेले बलभीमअण्णा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खुंट हलला! खालून कुजलाय त्यो!"

मी? माझ्यावर अर्धासुद्धा वेढा पडला नव्हता! पण सगळ्यांनी माना डोलावल्या. खुंटाचा दोष ठरला की माणसं सुटतात ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बैलजोडी आणि साखळी घेऊन आले. मागे निम्मं गाव. तेवढ्यात फकीरभाईंची बायको सायराबी घरून तडक आली. तिचा बापही नावाडीच होता. नाव तिला नवी नव्हती.

"अण्णा, खुंट उपटायलाव व्हय?"

"कुजलाय त्यो. नवा बसवू. अन् नाव बी दुसऱ्याच्या हाती देऊ. फकीरभाई काय लवकर उभा ऱ्हात न्हाय, भाभी."

"मंग नाव म्या चालवते."

कुणीतरी हसलं. सायराबीने डोक्यावरचा पदर घट्ट केला.

"हसू नगा. जुंपा बैल. खुंट निघाला तर नाव तुमची. न्हाय निघाला तर नाव माझी, अन् नावंतला कायदा बी माझा."

मित्रांनो, मला घाम येत नाही, नाहीतर तेव्हा आला असता. एका घराची चूल माझ्या बुडावर टेकली होती. साखळी माझ्याभोवती आवळली. बैलांनी रेटा दिला. साखळी माझ्या अंगात रुतली, लाकूड सोललं, खोल घळ पडली. मी मुरूम सोडला नाही. कल्याणप्पाचे दगडही जागचे हलले नाहीत. शेवटी बैल गुडघ्यावर आले आणि अण्णांनी कासरा सैल सोडला.

सायराबीने माझ्या जखमेवर हात ठेवला. "खुंट हलला न्हाय, अण्णा. मानसं हलली."

अण्णांनी साखळी सोडवली आणि बैल घराकडे वळवले.

पुढच्या बाजाराला नाव रेटायचा बांबू सायराबीच्या हातात होता. तिने नाव वरच्या अंगाला नेली, हळूहळू खाली आणली. तेवढ्यात हॉर्न वाजला आणि सगळे उभे राहिले. सायराबीने बांबू नदीच्या तळात रोवला आणि नाव काठापासून हातभर अंतरावर धरून ठेवली.

"बसा."

"अगं, गाडी चाललीय!"

"जाऊ द्या. दोर खुंटाला पडल्याबिगर कुणी उठायचं न्हाय."

एकेक जण पुटपुटत बसला. बलभीमअण्णा मात्र ताठ उभे. बांबू वाकला, सायराबीचे दंड भरून आले. मला हात असते तर मीच नाव ओढली असती. पण ती काही नाव सोडेना आणि अण्णा काही बसेनात.

मग गाडीचं इंजिन बंद झालं. लिंबाजी चिखल तुडवत काठावर आला आणि मोठ्याने म्हणाला, "अण्णा, बसा की ओ! तुमी बसल्याबिगर गाडी बी हलत न्हाय."

अण्णा बसले.

सायराबीने दोर फेकला. मला उपटायला आलेल्यांनी जी घळ पाडली होती, नेमका तिच्यात तो बसला आणि घट्ट आवळला. इतका घट्ट दोर मी कधी धरला नव्हता. "उतरा, एकेक," सायराबी म्हणाली. सगळ्यांच्या शेवटी अण्णा उतरले आणि जाताना त्यांनी मला हळूच हात लावला. मी ओळख दिली नाही!

त्या दिवसापासून लिंबाजीने दोर पडेपर्यंत कधी हॉर्न वाजवला नाही. फकीरभाई लंगडत का होईना, येऊन माझ्याशेजारी बसायचे आणि बायको नाव काठाला कशी लावते ते कौतुकाने बघायचे. सायराबीने कितीतरी पावसाळे नाव चालवली. तिच्या हातून नाव एकदाही दगडावर आदळली नाही.

आता पूल झालाय. नाव गेली. माझ्या घळीत कुणाची तरी म्हैस बांधतात. बांधू देत, म्हशीला घाई नसते. पण पुलाच्या टोकाला एसटी येते ती मला इथून दिसते. गाडी थांबायच्या आत सगळे उभे, एकमेकांच्या पायावर पाय, दारात रेटारेटी. म्हणजे सायराबीने इतके पावसाळे दंड भरून आणले ते कशासाठी?

तेव्हा मित्रांनो, मला बिनकामाचा म्हणा, सरपणाला तोडायची भाषा करा, खुशाल बैल घेऊन या. मी इथेच आहे. पण त्याआधी सगळे खाली बसा.