थोडं थोडं येतं

दिंडोरीत अदिबा मिसच्या क्लासला येणाऱ्या बायकांना 'कॅन' या इंग्रजी शब्दाने दोन आठवडे छळलं. एवढासा शब्द, पण कामं किती! एखादी गोष्ट येते हे सांगायला तोच, परवानगी मागायला तोच, कुणाला विनंती करायची तरी तोच, आणि असं घडू शकतं एवढंच म्हणायचं तरी पुन्हा तोच. मिसने घराच्या पुढच्या खोलीतल्या फळ्यावर चार रकाने आखले आणि प्रत्येक रकान्यात रोज एकेक वाक्य सक्तीचं केलं.

परवानगीत बायका पटाईत निघाल्या. कॅन आय गो, कॅन आय सीट, कॅन आय टेक सुट्टी. निघणारच. जन्मभर दुसरं केलंय काय त्यांनी? विनंतीही जमली. 'ग्रेप्स कॅन क्रॅक इन रेन' हे तर भागुबाईने न अडखळता म्हटलं, कारण तडकलेले मणी घडातून छाटता छाटता तिची बोटं वाकडी झाली होती. घोडं अडलं ते पहिल्या रकान्यात. स्वतःला काय येतं ते सांगा म्हटलं की सगळ्यांचे आवाज बसायचे.

"आय कॅन पॅक ग्रेप्स, लिटल," सुवर्णा म्हणाली.

"लिटल कशाला, सुवर्णाताई? अकरा वर्षं झाली ना पॅकहाऊसमध्ये?"

"झाली की. पण मिस, मला येतं म्हणून आपणच कसं सांगायचं? बरं दिसत नाय ते."

मिस हसली आणि पुढच्या बाईकडे वळली. सुवर्णापाशी तिने थांबायला हवं होतं.

सुवर्णाचं तरी काय चुकलं? बघायला आलेल्या पाहुण्यांनी स्वयंपाक येतो का विचारलं, तेव्हा ती खाली मान घालून "थोडा थोडा" म्हणाली होती. त्या वयात ती पन्नास माणसांची पंगत एकटी उठवायची. पाहुण्यांनी त्याचा 'उत्तम येतो' असाच बरोबर अर्थ घेतला, वर मुलगी वळणाची आहे म्हणून खूश झाले. आपलं कौतुक दुसऱ्याने करायचं असतं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

पॅकहाऊसमध्ये यंदा लाइन सुपरवायझरची जागा निघाली होती. माल घेणाऱ्या कंपनीची मॅडम हॉलंडहून आली होती आणि तिच्याशी बोलता येईल असं माणूस तिला हवं होतं. ती जागा सुवर्णाला हवी होती, अगदी मनापासून. अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या चुका गुपचूप निस्तरत होती. घड बघून मण्याची जाडी सांगायची, मणी चावून साखर सांगायची. साखरेचं मीटर नंतर तेच सांगायचं. या जागेसाठीच तर क्लास लावला होता.

गुरुवारी सकाळी मुलाखत घ्यायला केबिनमध्ये मॅडम आणि मॅनेजर मनोज सर बसले होते.

"कॅन यू चेक शुगर?" मॅडमने विचारलं.

"लिटल, मॅडम."

"कॅन यू मॅनेज ट्वेंटी विमेन?"

"लिटल, लिटल," सुवर्णा लाजून हसली.

मनोज सरही हसले. ते याच जिल्ह्यातल्या देवळ्याचे, त्यांना बोलण्याची ही रीत ठाऊक होती. मॅडमने कागदावर काहीतरी लिहिलं. सुवर्णा बाहेर आली ती हवेतच. एकाही प्रश्नाला अडखळली नव्हती, कुठे मोठेपणा केला नव्हता. तिने भागुबाईला सांगूनही टाकलं, "छान झालं गं."

जेवणाच्या सुट्टीत मनोज सर तिच्याजवळ आले. "राजला घेताहेत. तुम्हाला फारसं येत नाही असं मॅडमचं मत पडलं."

राज डिप्लोमा करून महिन्यापूर्वीच आला होता. शुगर मीटर उजेडाकडे कसं धरायचं हे त्याला सुवर्णानेच दाखवलं होतं.

"येत नाय? मला?"

"तुम्हीच म्हणालात, ताई. लिटल."

"त्या परदेशी. त्यांना नाय कळणार. तुम्ही तर आपलेच ना, सर? तुम्ही शेजारी बसला होता."

सुवर्णाला अपमानाने कसंसंच झालं, आणि त्याहून जास्त राग आला. सरांचा, मॅडमचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने डबा झाकला, हात धुतले आणि थेट केबिनचं दार ढकललं. सर मागोमाग आले.

"कॅन आय कम इन?" आत पाऊल टाकूनच तिने विचारलं. "मॅडम, आय कॅन चेक शुगर. आय कॅन मॅनेज ट्वेंटी विमेन. आय कॅन टीच." वाक्याच्या शेपटाला या वेळी काहीच जोडलं नाही.

मॅडम गोंधळली. मग सकाळी थोडं थोडं का म्हणालात, असं तिने विचारलं. इतकं इंग्रजी सुवर्णाजवळ नव्हतं. ती सरांकडे वळली.

"सांगा त्यांना, सर. आमच्यात आपणच आपल्याला मोठं म्हणत नाय. ते दुसऱ्यानं म्हणायचं असतं."

सरांनी भाषांतर केलं. मॅडमने ते नीट ऐकलं आणि सरळ त्यांनाच विचारलं, "मग तुम्ही का नाही म्हणालात?"

बाहेर लाइन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला. मनोज सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शी कॅन, मॅडम," ते म्हणाले. "मी इथे लागलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं. मला यांनी शिकवलं."

मॅडमने सकाळचा कागद पुढे ओढला, एक ओळ खोडली आणि सोमवारपासून लाइन सांभाळाल का असं सुवर्णाला विचारलं.

सुवर्णाने मान डोलावली. आनंद तर झालाच, पण डोळे भरून आले ते त्यामुळे नव्हे. एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी आपण अकरा वर्षं खाली मान घालून वाट पाहिली, हे तिला आत्ता कळलं होतं.