पाइनच्या लग्नात खरं विघ्न

व्हेरोनाने शेचाळिसाव्या वर्षी लग्न करायचं ठरवलं आणि ब्रेझोव्का गावावर आभाळ कोसळलं.

मुरा नदीकाठची रीत अशी की, नव्या वर्षापासून उपवासाआधीच्या कार्निव्हलपर्यंत गावात एकही लग्न लागलं नाही, तर गावाने पाइनच्या झाडाशी लग्न लावायचं. बिनलग्नाच्यांनी जंगलातून झाड तोडून दोरांनी ओढत आणायचं आणि लग्न झालेल्यांनी त्यांना पोटभर हसायचं. मुळात ही शिक्षा. पण मागच्या खेपेला ही शिक्षा बघायला चार गावं लोटली, दुपारीच सॉसेज संपली आणि सरपंच लुइझ टीव्हीवर झळकले. तेव्हापासून पुन्हा अशी नामुष्की यावी म्हणून गाव देव पाण्यात घालून बसलं होतं. पण दरवर्षी कुणीतरी करंटं ऐनवेळी लग्न करून घाण करायचं.

यंदा सगळं जुळून आलं होतं. रविवारच्या मिरवणुकीचा बँड ठरला होता, कागदी फुलं तयार होत होती. आणि बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या व्हेरोनाने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या व्हेंडेलशी शनिवारचा मुहूर्त धरला. सोमवारी व्हेंडेल कामासाठी ऑस्ट्रियाला निघणार होता. बुधवारपासून ईस्टरआधीचे उपवास, त्या दिवसांत फादर लग्न लावत नाहीत. मग थेट ईस्टरनंतर. आणि व्हेंडेलचं ‘नंतर’ किती लांबतं, याचा व्हेरोनाला नऊ वर्षांचा अनुभव होता.

लुइझ घरी आले, न विचारता बसले आणि पहिला डोनट संपवूनच बोलले.

“व्हेरोना, तू गावची लेक आहेस.”

“लग्नाला येताय ना, लुइझदादा?”

“तेच बोलायला आलोय. नऊ वर्षं थांबलीस, आता दोन महिने काय जड आहेत? तुझं लग्न लागलं तर पाइनचं कसं लावायचं? ओढ्यापलीकडच्या गावचे तोंडात शेण घालतील. गावाची इज्जत जाईल.”

“लग्न झालं म्हणून इज्जत जाणार?”

“आता शब्दांत पकडू नकोस.”

व्हेंडेल शेगडीपाशी टोपी गोल गोल फिरवत बसला होता. “दादांचंही बरोबर आहे,” तो म्हणाला, “आणि हिचंही.”

“शनिवारी सकाळी मी चर्चमध्ये असेन,” व्हेरोना म्हणाली. “तुला पाइनशीच संसार करायचा असेल तर आत्ताच सांग.”

व्हेंडेल शनिवारी आला. साक्षीला परगावाहून व्हेरोनाची बहीण आणि मेहुणा आले. चर्चसमोरच्या सभागृहात अर्धं गाव कागदी फुलं करत होतं. लग्नाची घंटा दणदणत राहिली. एकाचीही मान वर झाली नाही.

संध्याकाळी लुइझनी निकाल कळवला. “गावाने काही पाहिलेलं नाही. बुधवारपर्यंत तुम्ही दोघं बिनलग्नाचे. उद्या दोर धरायला या, नाहीतर लोक विचारतील.”

“कोण विचारणार? लोक तर तुम्हीच.”

“टीव्हीवाले!”

व्हेरोनाला जेवणावळ नको होती, आहेर नको होता. गावातल्या एका तरी माणसाने तोंडावर ‘अभिनंदन’ म्हणावं, एवढंच हवं होतं. शेजारीण ट्रेझा अंडी मागायला आली, बोटातली अंगठी नीट न्याहाळली आणि म्हणाली, “यंदा थंडी लांबली, नाही?”

रविवारी व्हेरोना स्वतःच्याच लग्नाचा झगा घालून मिरवणुकीत गेली. “काय हुबेहूब सोंग!” लोक म्हणाले. टीव्हीवाल्या मुलीने माइक पुढे केला, “आणि मावशी, तुमचं खरं लग्न कधी?”

“काल झालं.”

मुलगी खदखदून हसली. लुइझ तिच्याहून मोठ्याने हसले. कार्निव्हलमध्ये खरं बोलण्याची हीच तर सोय असते.

व्हेंडेल मात्र हसला नाही. तो दोराच्या पुढच्या टोकाला होता, गावातला सगळ्यांत दणकट गडी. त्याने बायकोकडे पाहिलं आणि दोर खाली टाकला. पाइन जागच्या जागी थांबलं.

“ओढ ना मेल्या!” लुइझ दातओठ खात पुटपुटले.

“लग्न झालेल्याने दोर धरायचा नसतो,” व्हेंडेल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “रीत आहे.”

“अरे, बुधवारपर्यंत…”

“बायकोला विचारून सांगतो.”

ट्रेझाच्या हातात डोनटचं ताट होतं आणि पोटात दीड दिवस कोंडलेलं वाक्य. “अगं, चर्चमधून बाहेर पडताना काय दिसत होतीस तू!” ती ओरडली. “अभिनंदन गं बाई!” मग सगळ्यांनाच कंठ फुटला. काल कुणीच न पाहिलेल्या लग्नातली प्रत्येक फुलाची जागा निम्म्या गावाला पाठ निघाली. बँडला लग्नाचीच सुपारी होती. त्यांनी वाजवायला घेतलं.

लुइझनी माइक हिसकावला. “मंडळी! आपल्या प्राचीन परंपरेतला हा सर्वांत जुना प्रसंग: नवरा दोर सोडतो!”

टाळ्या पडल्या. व्हेरोना चौकात मनसोक्त नाचली आणि सोमवारी व्हेंडेल ऑस्ट्रियाला गेला, चांगला लग्न झालेला.

पुढच्या पाइनच्या लग्नात दोर सोडायला रीतसर माणूस नेमला गेला. हे पणजोबांपासून चालत आलंय, असं लुइझ पाहुण्यांना सांगतात. तालमीला व्हेरोना आवर्जून जाऊन बसते आणि चुकलं की टोकते, “असा नाही रे सोडायचा. आधी बायकोकडे बघायचं.”