थोरलीची पोटदुखी

बेकरी खाली होती, घर वर होतं आणि दोन्हींत मिळून संडास एकच होता. एरवी त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण त्या वर्षी घरातल्या दोन्ही सुना पाठोपाठ गरोदर राहिल्या, आणि दोघींनाही डॉक्टरीणबाईंनी रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या.

खरं तर घरातल्या पहिल्या बाळाचा मान थोरलीचा होता. लग्नानंतर तिने कितीतरी वर्षं वाट पाहिली होती. बेकरीत येणाऱ्या प्रत्येक बाईने “अजून काही नाही?” असं विचारून झालं होतं, आणि थोरलीने प्रत्येकीला पाव कागदात बांधून देता देता हसून दाखवलं होतं. शेवटी एकदाचे दिवस गेले. सासूबाई तिला जिना दोनदा चढू देईनात, नवरा येता-जाता “बस, बस” म्हणू लागला. हे कौतुक जेमतेम महिनाभर टिकलं असेल. मग एका सकाळी धाकटी, जिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं, चहाचा कप खाली ठेवत लाजून म्हणाली, “आई, मलाही बहुतेक.” आणि सगळं घर तिच्याकडे वळलं. थोरलीने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं त्याचा बाळाशी काही संबंध नव्हता.

त्यात ही गोळी आली. दुपारी जेवणं झाली की सासूबाई पाण्याचे दोन पेले भरून उभ्या राहायच्या आणि दोघींच्या हातावर एकेक गोळी ठेवायच्या. थोरलीने ती गिळली की थोड्याच वेळात तोंडात गंजलेला चमचा चोखल्यासारखी चव यायची. खाली गल्ल्यावर बसावं तर भट्टीचा वास, खमिराचा वास, ज्या वासात तिने इतकी वर्षं काढली तोच आता घशाशी यायचा. आणि पोट म्हणजे दगड झालं होतं. सकाळी ती संडासात जाऊन बसली की बाहेर रांग लागायची. धाकटा दीर बाहेरून खाकरायचा, सासरे पेपरची घडी हातात घेऊन फेऱ्या मारायचे. एकदा धाकट्याने दारावर टकटक करून “वहिनी, आहात ना?” असं विचारलं, तेव्हा ती आतून म्हणाली, “आहे. तेच तर दुखणं आहे.”

पहिल्यांदा शौचाला काळं झालं तेव्हा तर तिचं धाबंच दणाणलं. रक्त जातंय असं वाटून ती नवऱ्याला घेऊन तशीच दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट विचारून घेतलं, पोट तपासलं आणि म्हणाल्या, “या गोळीने काळं होतंच, घाबरू नका. लाल दिसलं, डांबरासारखं चिकट झालं किंवा पोटात फार दुखलं तर मात्र लगेच या.” मग त्यांनी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घ्यायची नाही, मध्ये चांगलं अंतर ठेवायचं. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली चांगली. पाणी भरपूर प्यायचं, फळं आणि पालेभाजी वाढवायची, जेवणानंतर थोडं चालायचं. “आणि नाहीच सोसली तर मला सांगायचं. आपल्या मनाने बंद करायची नाही.”

हे सगळं थोरलीने मन लावून ऐकलं, घरी येऊन पाळलं, आणि धाकटीला त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

सांगायचं तरी कशाला, असं ती स्वतःला म्हणाली. धाकटीला कुठे काय होत होतं? धाकटी गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि खाली जाऊन केकवर फुलं काढायला बसायची. क्रीमचा एवढा वास, पण हूं की चूं नाही. गाल भरले होते, केस चमकत होते. गिऱ्हाईक येऊन “त्या नव्या बाईंनी काढलेली फुलं हवीत” असं सांगायचं, आणि थोरली हसून “हो, देते” म्हणत तोंडातली ती गंजकी चव गिळायची.

एकदा जेवताना थोरली पोट धरून बसली तेव्हा सासूबाई सहज बोलून गेल्या, “धाकटी बघ. तीच गोळी, तेच जेवण, पण काही कटकट नाही तिची.”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “मी कटकट करते का हो?”

नवरा बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, “करतेस. पण त्रास होतोय म्हणून करतेस.”

“आणि तिला होत नाही.”

“एकेकीची प्रकृती असते.”

“हो ना. तिची प्रकृतीही माझ्यापेक्षा बरी,” असं म्हणून थोरलीने कूस बदलली.

मग ती धाकटीवर लक्ष ठेवू लागली. का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. धाकटी किती जेवते, किती वेळा जिना चढते, संडासात किती लवकर जाऊन येते. लवकर आली की हिचं पित्त खवळायचं. धाकटीच्या ताटात पावाची करपलेली कड गेली तर ती बदलायची नाही. असल्या बारीकसारीक गोष्टींनी तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

एक दिवस जेवणानंतर ती कागदी पिशव्या आणायला मागच्या मोरीकडे गेली. तिथे भट्टीचे ट्रे धुवायला एक मोठी दगडी कुंडी होती. धाकटी त्या कुंडीवर वाकली होती. तिने तोंडातून काहीतरी थुंकलं, नळ सोडला, चूळ भरली, पदराने ओठ टिपले आणि आत निघून गेली. थोरली पुढे झाली. कुंडीच्या जाळीवर तपकिरी-लाल गोळी अडकली होती, बाजूने विरघळत होती, आणि तिच्याखालचा दगड गंजासारखा लाल झाला होता. तो काही एका दिवसात झालेला दिसत नव्हता.

थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हणजे ही प्रकृती. म्हणजे हे कौतुक. तिला वाटलं, आत्ताच वर जावं आणि सासूबाईंचा हात धरून त्यांना इथे आणावं. पण तिने तसं केलं नाही. ही गोष्ट तिने ठेवणीतल्या कपड्यासारखी जपून ठेवली. योग्य दिवशी काढू, सगळ्यांसमोर काढू. त्या दिवसाच्या कल्पनेतच तिचे पुढचे दिवस मजेत गेले. सासूबाईंनी धाकटीचं कौतुक केलं तरी आता तिला राग यायचा नाही. उलट ती मनात म्हणायची, करा, अजून करा.

पुढच्या तपासणीला दोघी सासूबाईंबरोबर गेल्या. थोरलीचं रक्त वाढलं होतं. धाकटीचं चांगलंच उतरलं होतं.

“गोळ्या घेता ना रोज?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“रोज घेते,” धाकटी म्हणाली.

“माझ्यासमोर घेते,” सासूबाई म्हणाल्या. “मी स्वतः हातावर ठेवते.”

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “घेऊनही वाढत नसेल तर कुठे रक्त जातंय का, दुसरं काही आहे का, ते बघावं लागेल. आणखी तपासण्या करू. गरज पडली तर शिरेतून औषध द्यावं लागेल.”

हाच तो दिवस होता. थोरलीने तोंड उघडलंही. पण धाकटी खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि थोरलीच्या तोंडून शब्दच निघाला नाही. दया आली म्हणून नव्हे. आपण हे आत्ता सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, तुला कधीपासून माहीत होतं, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

घरी आल्यावर आणखीच उलटं झालं. धाकटीचं रक्त कमी म्हणून तिला दुधाचा मोठा पेला सुरू झाला, सासरे तिच्यासाठी सफरचंदं घेऊन आले, गल्ल्यामागची आरामखुर्ची तिला मिळाली. ज्या खुर्चीवर थोरली बसायची ती. थोरलीचं रक्त गोळ्या खाऊन, पोट दगड करून, सकाळ-सकाळ रांगेची बोलणी खाऊन वाढलं होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिला वाटलं, नीट वागण्यात काही अर्थच नाही.

दोन-तीन दिवसांनी धाकटी केकचा ट्रे उचलून भट्टीजवळून येत होती. थोरली समोरच होती. धाकटीचा चेहरा एकाएकी मैद्यासारखा पांढरा झाला. ट्रे हातातून सुटला आणि ती भट्टीच्या बाजूला झुकली. थोरली आपलं पोट विसरून धावली. तिने धाकटीला काखेत धरून मागे ओढलं, पण तेवढ्यात भट्टीच्या तापलेल्या दाराला धाकटीचा हात घासून गेला होता.

भट्टीवाला धावत आला. थोरलीने त्याला वर सासूबाईंना सांगायला पाठवलं, धाकटीला कोठीत नेऊन मैद्याच्या पोत्याला टेकवून बसवलं, बादलीभर पाणी आणून तिचा भाजलेला हात त्यात धरला.

“गोळी थुंकतेस ना तू?” ती हळूच म्हणाली.

धाकटीने डोळे उघडले. “कुणी सांगितलं?”

“मी पाहिलंय.”

“कधी?”

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. “तपासणीच्या बऱ्याच आधी,” ती म्हणाली.

“म्हणजे मी तिथे खोटं बोलले तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“आणि बोलला नाहीत.”

“नाही बोलले.”

धाकटी पाण्यातल्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सुरुवातीला घेतल्या हो मी. पोटात नुसता पीळ पडायचा. क्रीम फेटताना उलटी अगदी ओठांपर्यंत यायची. आज सांगू, उद्या सांगू करत होते, तर आई म्हणाल्या, धाकटी बघ, काही कटकट नाही तिची. त्यानंतर कसं सांगणार, ताई? तुमचा मला इतका हेवा वाटतो.”

“माझा?”

“तुम्ही जेवताना पोटाच्या तक्रारी सांगता आणि सगळे ऐकून घेतात. मोठे भाऊजी काम टाकून तुम्हाला दवाखान्यात नेतात. हे घर तुमचं आहे. माझ्याजवळ काय, ही शहाणी, गुणाची, एवढंच. तेही गेलं तर मी कोण?”

आपला कुणीतरी हेवा करतंय हे ऐकून थोरलीला क्षणभर फार बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली. तिने धाकटीच्या केसांवरचा मैदा झटकला. “ऊठ. आधी दवाखान्यात जाऊ. मी येते बरोबर.”

डॉक्टरीणबाईंनी भाजलेल्या हाताला पट्टी बांधली, बाळाचे ठोके ऐकले आणि धाकटी बोलेपर्यंत थांबल्या. तिने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “गोळी सोसत नाही हे सांगायला लाज कसली? दुसऱ्या प्रकारची देते, कमी ताकदीची. सध्या एक दिवस आड घ्या. पुन्हा रक्त तपासू. वाढलं नाही तर शिरेतून देऊ, पण आता निदान कारण तरी कळलं.”

परत येताना थोरली म्हणाली, “आणि ते दूध गोळीबरोबर पिऊ नकोस. चहाही नको. लिंबूपाण्याबरोबर घे. आणि जेवण झालं की थोडं चालत जा.”

“हे तुम्हाला कधीपासून माहीत?”

थोरली समोर बघत चालत राहिली. धाकटीने ओळखलं. अख्खी गल्ली संपेपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालली. कोपऱ्यावर वळताना मात्र तिने रस्ता ओलांडायला थोरलीचा हात धरला. पलीकडे गेल्यावर सोडला.

संध्याकाळी धाकटीने सासूबाईंना स्वतःच सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “मला बोलली असतीस तर मी काय खाल्लं असतं तुला?”

“खाल्लं नसतं, आई,” थोरली म्हणाली. “पण कौतुक थांबलं असतं.”

सासूबाई फणकाऱ्याने स्वयंपाकघरात गेल्या. त्या रात्री त्यांनी दोन्ही सुनांना भांडी आपटत वाढलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र फळं दोन सारख्या वाट्यांत येऊ लागली, आणि गोळी हातावर ठेवताना त्या विचारू लागल्या, “मागची कशी सोसली?” आधी धाकटीला, मग थोरलीला. थोरलीच्या तो क्रम लक्षात आला.

पुढच्या तपासणीत धाकटीचं रक्त थोडं वर सरकलं होतं. नवी गोळी तिला चांगलीच मानवली. सकाळी ती चटकन जाऊन यायची, आणि तरीही जेवताना सगळ्यांना पोटाची हकिगत इतकी रंगवून सांगायची की सासरे ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. थोरलीनेही डॉक्टरीणबाईंकडे नवी गोळी मागून पाहिली. त्या म्हणाल्या, “तुमचं छान वाढतंय, सोसतंयही बऱ्यापैकी. आहे तीच चालू द्या.” थोरलीने बाहेर येऊन धाकटीच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे असं पाहिलं, की धाकटीने पिशवीच दुसऱ्या खांद्यावर घेतली.

जेवणानंतर दोघी बेकरीमागच्या रस्त्यावर चालायला जाऊ लागल्या. धाकटी झपाझप पुढे जायची. थोरली एक हात कमरेवर ठेवून मागून यायची.

“हळू चाल की जरा, बाई,” ती म्हणायची. “शर्यत नाही ही.”

धाकटी थांबायची, वळून बघायची आणि थोरली जवळ आली की पुन्हा चालू लागायची.