निळ्या झाकणाखालचं जेवण

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नव्हे, संगणकातल्या प्रोग्रामची. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारच्या संगणकात माझा मुक्काम असतो. त्यामुळे तिथलं सगळं बोलणं माझ्या कानांवर पडतं.

स्वयंपाक करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. प्रत्येकाच्या ताटाची चिठ्ठी त्या रोज हाताने लिहायच्या. ते पाहून त्यांची सख्खी भाची म्हणाली, "मावशी, किती हात मोडून घेशील? हे तर एका ओळीचं काम आहे!" आणि तिने मला लिहिलं.

आश्रमातल्या माणसांचा एक तक्ता होता. त्यातल्या 'दात' या रकान्यात 'आहेत' असेल, तर 'जेवण' या रकान्यात 'घट्ट' लिहायचं, नाहीतर 'पातळ', म्हणजे नुसतं सूप. एवढंच माझं काम. पापणी लवायच्या आत अख्खा रकाना भरून व्हायचा. "माझी ओळ म्हणजे दहा हातांची आहे हो," असं मावशी येईल त्याला सांगायच्या. मी शेफारले, दुसरं काय!

मग एक नवे आजोबा आले. मुलाने इथे आणून सोडलं म्हणून रागावलेले. दात बघायला नर्सताईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर हे भिंतीकडे वळून बसले. "राहू दे, उद्या बघू," म्हणून ताईंनी तो चौकोन रिकामाच सोडला. तो उद्या काही उजाडला नाही.

मला रिकामा चौकोन दिसला. 'आहेत' नव्हतं, म्हणून मी बेधडक 'पातळ' लिहून मोकळी झाले. पातळ जेवणावर निळं झाकण ठेवायचे, म्हणून आजोबांचं ताटही निळ्या झाकणाखाली गेलं. आमच्याकडे निळं झाकण बहुतेक अंथरुणाला खिळलेल्यांकडेच जायचं, आणि हे आजोबांच्या लगेच लक्षात आलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ शेजारच्या खाटेवरच्या काकांना देऊन टाकलं. मुलाचा फोन घेईनात. "मरायला आणून टाकलं, आता विचारपूस कशाला?" म्हणायचे. सूप तसंच परत यायचं. मावशी हळहळत ते ओतून द्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'पातळ' लिहायचे. आठवलं की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शेवटी ते काकाच स्वयंपाकघरात आले. "अहो, त्याला झालंय तरी काय? माणूस खंगत चाललाय." मावशी ओल्या हातांनीच आजोबांकडे गेल्या. पुढचं त्यांनी भाचीला सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"आजोबा, दात आहेत का हो तुम्हाला?"

"आहेत की! बोट पुढे कर, दाखवतो."

"अहो, मग घट्ट का नाही मागितलं?"

आजोबा लहान मुलासारखे रडू लागले. "म्हणजे मी मरत नाहीये?"

भाचीने तेव्हाच मला दुरुस्त केलं. आता चौकोन रिकामा दिसला की मी 'पातळ' लिहीत नाही, 'विचारा' लिहिते. मावशींनी निळी झाकणं काढून टाकली आणि सगळ्यांच्या ताटांवर पांढरी ठेवली. काकांनी घड्याळ परत दिलं. मुलाला आजोबांनी आपणहून फोन केला.

मित्रांनो, समोरचा गप्प आहे म्हणून त्याचं उत्तर तुम्हीच भरून टाकू नका. दोन पावलं चालत जा आणि विचारा. मला पाय नव्हते, पण तेवढ्याने माझा दोष हलका होत नाही.

आजोबा आता रोज घट्ट जेवतात. पण मावशी सांगतात, ताट समोर आलं की ते आधी झाकण किलकिलं करून आत बघतात, आणि मगच मांडी घालून बसतात.