घोडा नसलेला वीर

दगड आहे मी, पारसिकच्या डोंगरातला. काळा, कडक. आणि आज बोलणार आहे.

मला घडवलं दगडूने. कोपरीच्या मिठागरवाल्यांचा पोर. मूर्ती घडवायला शिकायचं म्हणून मुंबईला गेलेला, पण शाळा अर्धवट सोडून आला. तिथले साहेब त्यांच्याच देवांचे पुतळे गिरवायला लावत. याला घडवायचा होता आपला आजा, धोंडीबा.

मिठाच्या गोणी वाहून म्हातारा डाव्या अंगाला कललेला. तो कल दगडूने नेमका धरला. मानेवरचे घट्टे, फुटलेल्या टाचा, सगळं. आणि खांद्यावर, आज्याचे कान पकडून बसलेला छोटा दगडू. काम करताना तो मध्येच थांबायचा, डोळे मिटून काहीतरी आठवायचा, मग पुन्हा छिन्नी धरायचा. डोंगरात किती काळ नुसता पडून होतो. आता मी कुणाचा तरी झालो.

धोंडीबाच्या मुलाला, दगडूच्या गुणाजीकाकाला, मात्र वेगळंच हवं होतं. कल्याणच्या बड्या घरात त्याच्या मुलीची सोयरीक जमत होती. तिथे काकाने ठोकून दिलेलं, आमचा बाप घोड्यावरून लढताना पडला. आता व्याही त्या वीराच्या दगडाला शेंदूर लावायला येणार होते.

माझ्यावरचं गोणपाट निघालं.

"घोरा कुठं हाय रं?" काका ओरडला.

"आजा कधी घोड्यावर बसला नाय, काका. मी मात्र आज्यावर बसलोय."

जमलेल्या म्हाताऱ्यांतली गंगुबाई आजी फिसकन हसली. "तुझा बाप असाच कलून चालायचा, गुणाजी."

बाकीचे वडीलधारे जमिनीकडे बघत बसले. खरं सगळ्यांना ठाऊक होतं. पण यांचा आवाज चढतो तो फक्त पोरांवर.

"ते पोर तासून काढ, तिथं तलवार कोर. नायतर घरातून चालता हो!" काका गरजला.

"तलवारी कोरणारे ढीगभर मिळतील," दगडू म्हणाला. हत्यारं उचलली आणि गेला.

काकाने दुसरीकडून घोडेस्वार कोरलेला दगड आणला. शेंदूर लागला, लग्न झालं. मला पालथा घालून दारातली पायरी केली. बापाला तुडवत हे रोज घरात शिरतात, आणि पोरांना सांगतात, मोठ्यांच्या पाया पडा!

झिजतेय ती माझी पाठ. खाली मातीत दगडूचा एकेक घाव ताजा आहे.

हे घर कधीतरी पाडाल. तेव्हा पायरी समजून मला फेकू नका. आधी उलटा करा. तुमचा माणूस कसा होता, ते बघा.