भिंगरी बसली

हवालदार श्वानपथकात अकरा वर्षं होता. त्यातली पाच भिंगरीबरोबर. पिल्लू असताना स्वतःचं शेपूट धरायला गोल गोल फिरायची, म्हणून हे नाव पडलं. रोज सकाळी तो तिचे कान पुसायचा, पंजे तपासायचा, अंगावर ब्रश फिरवायचा.

"माझ्या केसांना कधी हात लावलात का एवढ्या प्रेमाने?" बायको विचारायची.

"तू माग काढतेस का?" तो म्हणायचा.

"काढते की. म्हणून तर तुम्ही वेळेवर घरी येता."

त्या वर्षी भिंगरीचे लागोपाठ दोन माग पावसाने धुऊन गेले. वरून चिठ्ठी आली : पुढच्या वेळी यश नाही, तर कुत्रीला पथकातून काढा. हवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात एका हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरमधून भुलीची इंजेक्शनं चोरीला गेली. स्टोअरकीपरने फिर्याद दिली. फुटलेल्या कुलपाजवळ चोराचा एक कापडी हातमोजा सापडला. साहेबांनी आठ कामगारांना व्हरांड्यात ओळीने उभं केलं आणि हवालदाराला जिन्याखाली बाजूला घेतलं.

"तिसरा. लॉन्ड्रीवाला. रात्रपाळीला तोच होता. कुत्री तिथे बसली की काम झालं."

"साहेब, ती वास लागला तर बसेल."

"ती तुझं ऐकते ना? का चिठ्ठी विसरलास?"

भिंगरीने हातमोजा हुंगला आणि ओळीकडे न जाता थेट दाराकडे ओढ घेतली. दारात स्टोअरकीपर उभा होता. "फिर्यादीला कशाला त्रास?" साहेब ओरडले. हवालदाराने पट्टा मागे खेचला. तो माणूस दिवसभर स्टोअरमध्ये असतो, त्याचा वास असणारच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

मग ओळ. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यालाही ओलांडून ती पुढे निघाली. हवालदार जागीच थांबला. पट्टा ताणला गेला. भिंगरीने वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा हात खिशावर गेला. खिशात तिचा चेंडू होता, बरोबर बसली की बक्षीस म्हणून मिळणारा. ती दोन पावलं मागे आली आणि लॉन्ड्रीवाल्यासमोर बसली.

"साहेब, मी सगळ्यांचे कपडे धुतो," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "माझ्या अंगाला सगळ्यांचाच वास येतो हो!"

त्याला गाडीत घातलं. हवालदाराने चेंडू टाकला आणि भिंगरी आनंदाने उड्या मारत राहिली. चिठ्ठी रद्द झाली.

पुढच्याच आठवड्यात सरावाला सहा डबे मांडले, वास फक्त एकातच होता. भिंगरीने एकाही डब्याला नाक लावलं नाही. ती हवालदाराच्या हाताकडे पाहत चालली आणि तो जिथे रेंगाळला तिथे बसली. त्याने पाठ फिरवली, तर ती वळसा घालून पुढे आली आणि त्याचं तोंड न्याहाळू लागली. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली, दुसऱ्याच्या हाती पट्टा दिला, सगळं करून पाहिलं. महिने गेले, पण काही फरक पडला नाही.

म्हातारे प्रशिक्षक बाकावरून हे बघत होते. "एवढं सोन्यासारखं नाक!" ते म्हणाले. "हिला कुणी रे हे शिकवलं?"

हवालदार वाकून डबे गोळा करू लागला. प्रशिक्षकांनी पुन्हा विचारलं नाही.

सात महिन्यांनी स्टोअरकीपर दुसऱ्याच एका चोरीत पकडला गेला. त्याच्या घरात इंजेक्शनांची खोकी सापडली. कुलूपही त्यानेच फोडलं होतं. लॉन्ड्रीवाला सुटला. साहेबांनी हवालदारापुढे कागद सरकवला. "कुत्रीची चूक. जनावर ते, त्याला काय विचारायचं? कर सही."

त्याने केली. भिंगरी एका गोदामाच्या पहाऱ्याला दिली गेली. घरी नेण्याचा पहिला हक्क त्याचाच होता, पण तिने सारखं आपल्या तोंडाकडे बघत बसावं, हे त्याला सोसवणार नव्हतं.

त्या दिवशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला ठेवून ती म्हणाली, "मला काय सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

लॉन्ड्रीवाल्याची नोकरी गेली होती. बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, ती परतली नव्हती. एका गल्लीत टपरी टाकून तो इस्त्री करायचा. हवालदार साध्या कपड्यांत गेला आणि उभ्याउभ्याच सगळं बोलला.

लॉन्ड्रीवाला इस्त्री फिरवत राहिला. "माहीत आहे मला. कुत्री तुमच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. कोर्टात तेच सांगितलं, तर लोक हसले." त्याने इस्त्री उभी केली. "हे लिहून द्याल? सुटलो, तरी ती म्हणते कुत्रं उगाच बसत नाही. निदान तिला तरी दाखवता येईल."

हवालदाराने खाली पाहिलं. "नोकरीची अजून आठ वर्षं राहिलीत," तो म्हणाला.

लॉन्ड्रीवाल्याने मान हलवली. ढिगातला पुढचा शर्ट ओढून त्यावर पाणी शिंपडलं.

"मग सरका जरा," तो म्हणाला. "उजेड अडतोय."