खंडेनवमीची लाल पट्टी

"काकू, एक डाव हात लावतो की. बटण दाबायचं आन् बाजूला व्हायचं."

राजाबाईंनी नकाराची मान हलवली. खंडेनवमीची पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा त्या घरचा कायदा होता, आणि शहापूरच्या त्या गल्लीत राजाबाईंच्या कायद्यावर अपील नव्हतं. खाली माग गप्प होते. त्यांच्या आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांनासुद्धा कुंकू लागलं होतं.

त्यांच्याकडं साड्यांची नक्षी काढणारा परशराम माडीवरच्या खोलीच्या दारात उभा राहून कॉम्प्युटरकडे बघत राहिला. स्क्रीनला झेंडूची माळ, कीबोर्डवर अक्षता, माउसवर ओलं कुंकू. माळेच्या आडून कोपऱ्यातली बारीक पट्टी दिसत होती. ती लाल होती.

या पट्टीनं परशरामच्या जिवाला घोर लावला होता. कॉम्प्युटर जुनाट, त्याची मेमरी तोकडी. साडीच्या पदराची नक्षी चौकटीचौकटीनं भरत गेलं की मेमरी संपत यायची आणि यंत्र धापा टाकायला लागायचं. म्हणून दुरुस्तीवाल्या सौरवनं एक छोटासा प्रोग्रॅम घालून दिला होता. मेमरी मोकळी असली की पट्टी हिरवी, भरत आली की लाल. लाल दिसली की खालचं बटण दाबायचं, हिरवी होईपर्यंत थांबायचं आणि मगच काम सेव्ह करायचं. नाहीतर मेमरी कमी असल्याची पाटी यायची आणि सगळं अर्ध्यात बंद पडायचं. मग आधी सेव्ह केलेलंही पुन्हा उघडत नसे. श्रावणात त्यानं घाई केली आणि एका काठाची अख्खी वेल गेली. तेव्हा राजाबाईंचा मुलगा आदर्श, म्हणजे मालकच, आवाज न चढवता म्हणाला होता, "आण्णा, परत असं झालं तर ह्यो डबा भंगारात. मग तुमी तरी हितं बसून काय करतासा?"

काय करणार होता? पन्नाशी उलटल्यावर दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि आता निपाणीच्या व्यापाऱ्याचा दिवाळीचा पदर, पंधरवड्याची मेहनत, त्याच लाल पट्टीला लटकली होती. काल संध्याकाळी पट्टी लाल झाली, नेमकं तेव्हाच आदर्शनं त्याला झेंडू आणायला बाजारात पिटाळलं. सकाळी लवकर येऊन बटण दाबू म्हणून तो गेला. पण आदर्शच्या बायकोला, नीलमला, माहेरी संकेश्वरला जायचं होतं. तिनं उजाडता उजाडता पूजा उरकली आणि दोघं निघूनही गेले. परशरामनंच निवडून आणलेली फुलं आता त्याच्या वाटेत आडवी पडली होती.

"आमच्या ह्यांनी एकदा नवमीला माग चालवलाता," राजाबाई म्हणाल्या. "ऑर्डर हाय म्हणून. म्होरली नवमी बघितली न्हाय त्यांनी." नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. पूजा सुनेनं करायची, यांनी लांबून सांगायचं.

दुपारी त्या देवघराशेजारी आडव्या झाल्या. परशराम घरी जायला निघाला आणि गेला नाही. नक्षीचा प्रोग्रॅम नुसता उघडा असला तरी मेमरी खात बसायचा. पट्टी आता जवळजवळ काठापर्यंत भरली होती. परशराम घाबरला होता, आणि एका बाजूनं नव्हे. पदर गेला तर चूल कशी पेटायची? आणि हात लावला तर? घरी त्याची लेक सौम्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. राजाबाईंचं बोलणं खरं असेल तर नेम मोडल्याची किंमत कुणाच्या जिवानं फेडायची, हा विचार त्यानं पुरता केलासुद्धा नाही.

त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. माळेला हात जोडले. सौम्याचं नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही असं ठरवलं, आणि तेच मनात आलं. मग माउसवर बोट टेकवून बटण दाबलं.

पट्टी हलली नाही. खाली भांडं पडल्याचा आवाज झाला. मांजर असेल. जिन्यावर पाऊल वाजतंय का, हे तो श्वास धरून ऐकत राहिला. मग पट्टी तसूभर मागं सरली, थांबली, पुन्हा सरली. हिरवी झाल्यावर त्यानं पदर सेव्ह केला, उघडून बघितला. सगळा होता.

बोट मात्र लाल झालं होतं. ते त्यानं सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसलं. माउसवर बोटाएवढी जागा कोरडी दिसत होती, ती भरायला कुंकू हवं होतं, आणि करंडा राजाबाईंच्या उशाशी. तो तसाच घरी गेला. त्या रात्री सौम्यानं कूस बदलली तरी तो उठून बसत होता.

दसऱ्याला तो आला तेव्हा राजाबाई आधीच कॉम्प्युटरपाशी उभ्या होत्या. माळ उतरवलेली होती. त्यांची नजर माउसवर होती.

"हात लावलास?"

नाही म्हणायचं त्यानं वाटेत दहादा घोकलं होतं. "व्हय, काकू," तो म्हणाला.

"पदर?"

"हाय. वाचला."

"सौम्या?"

"बरी हाय."

त्या जिना उतरून गेल्या. आदर्शला फोन करणार, हे परशरामनं धरलं. जेवणाच्या डब्याची पिशवी त्यानं खांद्यावरून उतरवलीच नाही. निघायचंच तर खाली कशाला ठेवायची?

राजाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात करंडा होता. त्यांनी झाकण काढलं आणि कुंकवात बोट बुडवलं.

"ह्यांच्या त्या वर्साला मागाला कुंकू लावलं," त्या म्हणाल्या. "चालवणाऱ्या हाताला लावायचं ऱ्हाऊन गेलं. हात कर फुडं."

थोडं कुंकू खाली सांडलं, उरलेलं परशरामच्या माउस दाबायच्या बोटाला लागलं. करंडा मिटून त्या म्हणाल्या, "बस आता. काम बघ."

परशरामनं पिशवी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसला. पट्टी हिरवी होती. त्या दिवशी त्यानं माउसचं बटण मधल्या बोटानं दाबलं.